माती, विहीर आणि आभाळ मोजताना: खान्देशातल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे शेतकरी बांधावर, फोनवर, केळीची गाडी भरता भरता जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एकच कसोटी लावली: ही नोंद घेतल्यानं शेतातला एखादा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर ते यंत्र दुकानातच शोभतं.

मोबाइलवर हवामान दिसतं. मग शेतात वेगळं मोजायचं कशाला?

मोबाइलवर दिसतो तो अंदाज, आणि तोही मोठ्या पट्ट्याचा. फवारणी उद्या करावी की परवा, कापूस वेचायला मजूर कधी सांगावेत, एवढ्यापुरता तो कामाचा आहे. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर मराठीत वाचता येतो; तो जरूर वाचा. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप मोबाइलमध्ये असू द्या, वैशाखातल्या वळवात त्याची किंमत कळते.

पण काल रात्री तुमच्या शेतात नेमका किती पाऊस पडला, ओल किती खोल उतरली, विहीर किती फूट चढली, हे कुठलंही ॲप सांगू शकत नाही. ते तुम्हालाच पाहावं लागतं.

मंडळाच्या केंद्रावर पाऊस नोंदला जातो, आमच्या शिवारात मात्र कोरडं. किंवा उलट. कोण खरं?

दोन्ही खरं. महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. ती दर १० मिनिटांनी पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा नोंदवतात. एका मंडळात मात्र कितीतरी गावं येतात, आणि आपल्याकडचा पाऊस, विशेषतः मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला गडगडाटी पाऊस, ढगाढगानं पडतो. गावाच्या एका अंगाला चाऱ्या भरून वाहतात आणि दुसऱ्या अंगाला धुरळा उडतो, हे खान्देशात कुणाला नवं नाही.

भानगड होते ती पैशांच्या वेळी. अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाल्याची नोंद पाहतात. हवामान आधारित फळपीक विमाही केंद्राच्या आकड्यांवरच चालतो. तुमच्या घरच्या पर्जन्यमापकाचा आकडा तिथे थेट ग्राह्य धरत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. तरी तो लिहून ठेवा. गावातल्या दहा-बारा जणांनी एकाच तारखेला सारख्या पद्धतीनं घेतलेल्या नोंदी आणि पंचनाम्याचे फोटो असतील, तर तालुक्याला केंद्राच्या जागेबद्दल किंवा बिघाडाबद्दल तक्रार करताना बोलायला आधार मिळतो. नुसतं ‘आमच्याकडे लय पाऊस झाला’ म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही.

विम्याची दुसरी बाजू: गारपिटीसारख्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची असते. तिथे नोंदवहीतली तारीख आणि वेळ उपयोगी पडते.

घरच्या घरी पर्जन्यमापक करता येतो का?

येतो, आणि चांगला येतो. सरळ, उभ्या बाजूंचा डबा घेतला तर पट्टी बुडवून पाण्याची उंची मिमीमध्ये थेट वाचता येते. थोडा अचूक हवा असेल तर १६ सेंमी व्यासाच्या तोंडाचं नरसाळं एका कॅनवर बसवा आणि जमलेलं पाणी औषधाच्या मोजपात्रानं मोजा. या नरसाळ्याला २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. वेगळ्या मापाचं नरसाळं असेल तर मिलीमधल्या पाण्याला तोंडाच्या चौरस सेंमी क्षेत्रफळानं भागा आणि १० नं गुणा.

जागा मात्र पारखून निवडा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंमी उंच आणि अगदी समपातळीत हवं. जवळचं झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ते असावं. केळीच्या बागेत, पानांखाली ठेवलेला पर्जन्यमापक पाऊस मोजत नाही, पानावरून ओघळणारं पाणी मोजतो. रोज सकाळी साडेआठला वाचा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस त्याच वेळेला बदलतो, म्हणजे तुमचा आकडा केंद्राच्या आकड्याशी ताडून बघता येतो. वाचून झालं की भांडं रिकामं करायचं. हे विसरलं जातं.

१० मिमी पाऊस म्हणजे पेरणीजोगा का?

नाही. १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, एकरभर क्षेत्रावर साधारण ४,००० लिटर. म्हणजे १० मिमीला एकरी ४०,००० लिटर पडले. ऐकायला खूप वाटतं, पण उन्हाळ्यात तापून भेगाळलेल्या काळ्या रानात ते वरच्या दोन-तीन इंचांतच संपतं आणि दोन दिवसांच्या उन्हात उडून जातं. कोरडवाहू कापसाची लागवड ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन जमिनीत खोल ओल गेल्यावरच करावी, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो. तेवढा पाऊस एकदम पडलाच पाहिजे असं नाही, पण मध्ये मोठी उघडीप पडली असेल तर आधीचे मिमी बेरजेत धरू नका. कुदळीनं वीतभर उकरून बघा आणि मग ठरवा.

ज्यांच्याकडे ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी कापूस लागतो, त्यांना हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं पडतो: विहिरीतलं पाणी पाऊस येईपर्यंत पुरेल का? त्याचं उत्तर खाली विहिरीच्या प्रश्नात आहे.

दादरचं, म्हणजे आपल्या रब्बी ज्वारीचं, गणित तर संपूर्ण साठलेल्या ओलीवर चालतं. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत दादर पेरायची तर पाऊस सरल्यावर गिरमिटानं (माती काढायच्या लांब पिळाच्या सळईनं) तीन-साडेतीन फुटांपर्यंतची माती काढून बघावी. तळाशी माती थंड लागते आणि मुठीत दाबली की तिचा लाडू होतो, तर हिवाळ्यात एकही पाऊस आला नाही तरी दादर उभी राहते. दोन फुटांखालीच ढेकूळ कोरडं लागलं तर हरभऱ्याचा विचार करा.

थर्मामीटर कुठे लावायचा? आमच्या ओसरीवरचा चालेल का?

ओसरीवरचा थर्मामीटर ओसरीचं तापमान सांगतो. हवेचं तापमान मोजायचं तर तो सावलीत, पण हवा खेळती असेल अशा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर हवा. पेटीचं दार उत्तरेकडे ठेवा, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही. खाली सिमेंट किंवा पत्रा नको, गवत किंवा मोकळी माती असावी. कमाल-किमान दोन्ही दाखवणारा साधा थर्मामीटर पुरतो.

केळीला थंडीचा चरका बसतो तेव्हा केंद्रावर ९-१० अंशच दिसतं. मग पानं का जळतात?

हा प्रश्न रावेर-यावलकडून दर डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि तो थोडा सविस्तर समजून घेण्यासारखा आहे.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. पहाटेपर्यंत उघड्यावरचं पान पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड झालेलं असतं. त्यात थंड हवा जड असते, ती उताराकडे सरकते आणि सखल जागी साठते. म्हणून एकाच मळ्यात नाल्याच्या कडेच्या ओळी करपतात आणि वरच्या, चढावरच्या ओळी सुटतात. सातपुड्याच्या पायथ्याचं रान तर उतारावरच आहे. तिथे अशा जागा पुष्कळ.

केळीची वाढ १६ अंशांच्या खाली मंदावते आणि त्याहून खाली गेलं की पोंग्यातून पान अडकत, आखडत बाहेर पडतं. मृगबागेचं, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेलं, झाड अशा वेळी निसवायच्या (घड बाहेर टाकायच्या) बेतात असेल तर नुकसान मोठं. घड अर्धवट बाहेर येतो. म्हणून एक थर्मामीटर पेटीत असला, तरी दुसरा स्वस्तातला मळ्यातल्या सगळ्यात सखल जागी, केळीच्या उंचीला, उघड्यावर टांगा. दोन्हींतला फरक आठवडाभर लिहिला की तुमच्या मळ्याचा स्वभाव कळतो. केंद्रावर १२ अंशांचा अंदाज आला तर आपल्या नाल्याकाठी किती होईल, याचा ठोकताळा मग तुमचा तुम्हालाच बांधता येतो. त्यावरून कोणत्या ओळींना रात्री पाणी सोडायचं, कुठे पहाटे ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा आणि कोणत्या घडांना आधी पिशव्या चढवायच्या, हे ठरतं. सगळ्या बागेभर धूर करायला एवढा पालापाचोळा कुणाकडे असतो?

विम्याच्या निकषात कमी तापमान सलग काही दिवस टिकावं लागतं आणि आकडा केंद्राचाच धरतात. त्या वर्षीचे नेमके निकष शासन निर्णयात असतात, विमा भरताना ते वाचून घ्या.

उन्हाळ्यात ४५ अंश झालं तर मोजून करायचं काय?

पाणी किती द्यायचं ते ठरवायचं. त्यासाठी तापमानापेक्षा बाष्पीभवन मोजलेलं जास्त उपयोगी. जळगाव-भुसावळचा मे महिना म्हणजे ऊन, कोरडी हवा आणि दुपारभर वाहणारी झळ. तिन्ही मिळून पाणी खेचतात. तापमान तेच असलं तरी वाऱ्याच्या दिवशी बाग जास्त पिते.

कृषी हवामान केंद्रावर यासाठी १२०.७ सेंमी व्यासाचं, २५ सेंमी खोल प्रमाणित भांडं असतं. त्यातलं पाणी रोज किती मिमी उतरलं ते मोजतात. समजा एका दिवसात १० मिमी उतरलं. त्याला भांड्याच्या ०.७ या गुणकानं गुणलं की ७ मिमी. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या केळीला साधारण २.२५ चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे भरल्या बागेतल्या एका झाडाला रोज जवळपास १६ लिटर. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर दोन तास ठिबक. घड धरलेल्या बागेला थोडं जास्त, लहान रोपांना त्यांच्या सावलीच्या प्रमाणात बरंच कमी.

घरी पत्र्याचं टोपलं वापरून हा आकडा काढता येतो, पण लहान भांडं तापतं आणि जास्त बाष्पीभवन दाखवतं. वरून जाळी टाका, नाहीतर कावळे आणि माकडं हिशेब बिघडवतात. दोन तास पुरेसे असताना वीज आहे म्हणून सहा तास मोटर चालू ठेवणारे मळे आम्ही रोज बघतो. त्यांचा युरिया मुळांच्या खाली निघून जातो.

वारा मोजायची गरज आहे का?

केळीवाल्यांना विम्यासाठी कुतूहल असतं, पण स्वतः वेग मोजून वादळ थांबत नाही. दिशा मात्र दोन-तीन हंगाम लिहा. वादळी वारा तुमच्या मळ्यात बहुतेक कोणत्या अंगानं शिरतो ते कळलं की शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा त्या बाजूला दाट करता येतो.

मातीचा नमुना कधी आणि कसा घ्यायचा?

पीक निघाल्यावर, पुढच्या पिकाला खत टाकायच्या आधी. आपल्याकडे एप्रिल-मे सोयीचा. शेणखत किंवा रासायनिक खत टाकल्यावर दोन-तीन महिने नमुना घेऊ नका.

रानाचे आधी रंग, उतार आणि खोलीप्रमाणे भाग पाडा. मुरमाड माथा आणि काळा तळ यांची माती एकत्र केली की अहवाल कुठल्याच रानाचा राहत नाही. प्रत्येक भागात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाची सावली, खताचा ढीग, गुरं बसायची जागा आणि ठिबकच्या थेंबाखालची पांढरी पडलेली माती टाळा. वरचा काडीकचरा हातानं बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० सेंमी खड्डा घ्या, आतली सैल माती काढून टाका आणि खड्ड्याच्या एका भिंतीवरून वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीचा काप खुरप्यानं उतरवा. सगळे काप घमेल्यात नीट कालवून गोणपाटावर पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं अर्धा किलो उरेपर्यंत करा. सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. युरियाची रिकामी गोणी वापरलेले नमुने प्रयोगशाळेत येतात. त्यांचा अहवाल अर्थातच बागायतदाराला खूश करणारा असतो.

केळी, पपई, लिंबू, मोसंबीसाठी वरचा थर पुरत नाही. ३० सेंमीचे तीन थर, ९० सेंमीपर्यंत, वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. चुनखड आणि मुरूम खालीच लपलेले असतात.

मृदा आरोग्य पत्रिका घरात आहे. तिच्यातलं काय बघायचं?

ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि पत्रिकेत १२ गोष्टी असतात: पीएच (आम्ल-विम्लता), ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन. एक लक्षात घ्या, योजनेतला नमुना बागायतीत अडीच हेक्टरच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीतून घ्यायचा ठरला होता. म्हणजे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजाऱ्याच्या रानातली असू शकते. केळीला एकरी मोठा खर्च करणाऱ्यानं स्वतःचा नमुना वेगळा द्यावा.

आधी पीएच आणि ईसी बघा. खान्देशातल्या काळ्या जमिनींचा पीएच बहुधा ७.५ ते ८.५ मध्ये असतो. त्यानं घाबरू नका. ८.५ च्या वर गेला आणि जमीन ओली असताना चिकट, वाळल्यावर दगड होत असेल, तर विनिमयक्षम सोडियम तपासून घ्या. ते १५ टक्क्यांच्या पुढे असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, होते आहे. जिप्सम आणि निचरा याशिवाय गत्यंतर नाही. ईसी १ च्या आत असेल तर क्षारांची चिंता नाही.

मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तिथे लोह मातीत भरपूर असतं, झाडाला मिळत नाही. फेरस सल्फेट मातीत फेकून पैसे घालवण्यापेक्षा फवारणीतून किंवा चिलेटेड (चुन्यात न अडकणाऱ्या) रूपात द्यावं.

सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली दिसला तर आश्चर्य वाटायला नको, आपल्याकडचं ऊन तो जाळून टाकतं. पऱ्हाट्या पेटवण्याऐवजी श्रेडरनं बारीक करून कुजवल्या आणि केळीचे खांब बागेतच पसरवले तर तो हळूहळू चढतो. हळूहळू म्हणजे वर्षांनी, महिन्यांनी नाही.

ओल मोजणारा सेन्सर घ्यावा का?

घ्या, पण आधी तुमचं रान ओळखा. बाजारातले बरेच सेन्सर मातीतलं पाणी टक्क्यांत दाखवतात. काळ्या जमिनीत ३० टक्के दाखवत असतानाही झाड तहानलेलं असू शकतं, कारण चिकण माती पाणी घट्ट धरून ठेवते. वाळूसरीत १५ टक्के म्हणजे सुखाचं. म्हणून कंपनीनं सांगितलेला आकडा तसाच घेऊ नका. भरपूर पाणी देऊन दोन दिवस थांबा, वाफसा आल्यावर जो आकडा दिसेल तो तुमच्या रानाची भरलेली पातळी. तिथून खाली किती उतरल्यावर पाणी द्यायचं, ते झाडाकडे बघत ठरवा.

टेन्सिओमीटर वेगळ्या तऱ्हेनं काम करतो. मुळांना पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो, ते तो दाखवतो, त्यामुळे जमीन बदलली तरी आकड्याचा अर्थ फारसा बदलत नाही. ठिबकवरच्या केळीत काटा ३० सेंटिबारच्या पुढे जाऊ देऊ नये. एक २५-३० सेंमीवर आणि दुसरा ५०-६० सेंमीवर लावा. वरचा कोरडा आणि खालचा कायम ओला म्हणजे पाणी मुळांना चुकवून खाली चाललं आहे.

काळ्या रानाची खोड अशी की सुकताना ती आकसते. नळीभोवती भेग पडली की आत हवा शिरते आणि काटा शून्यावर जातो. नवखा माणूस समजतो रान तुडुंब ओलं आहे. अशा वेळी काटा बघण्याआधी नळीच्या बुडाशी वाकून बघावं. यंत्र बसवतानाच त्याच मातीचा पातळ चिखल करून भोकात ओतला तर ही कटकट पुष्कळ कमी होते.

विहिरीची पातळी कशी मोजायची?

कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. वजन बांधलेला मोजपट्टा खाली सोडा. ट्यूबवेलला दोन तारांची वायर, सेल आणि छोटा दिवा पुरतो. टोक पाण्याला टेकलं की दिवा लागतो. नवीन मोटर उतरवत असाल तर कॉलम पाइपाच्या बाजूनं पाऊण इंची पीव्हीसी नळी सोडून घ्या. ती नसेल तर वायर केबलमध्ये अडकते आणि ती सोडवता सोडवता दिवस जातो.

सकाळी मोटर सुरू करायच्या आधी मोजा. शेजाऱ्याची मोटर रात्रभर चालली असेल तर तेही लिहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये, मोजते. निदान तेवढ्या वेळा तरी मोजा. केळीवाल्यांनी फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला.

आवकही काढता येते. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत १ फूट पाणी म्हणजे साधारण ८,६०० लिटर. उपसा थांबवल्यावर एक फूट चढायला किती वेळ लागतो तो घड्याळात बघा. तीन तास लागत असतील तर ताशी २,९०० लिटरांच्या आसपास आवक. मे मधला हा आकडा हातात असला की पूर्वहंगामी कापूस किती एकर लावायचा याचा वाद घरात होत नाही.

पांझरेकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावानं मिळून भिजवायच्या शेतांच्या पद्धतीत, हेच तत्त्व शेकडो वर्षं चालत आलं. बंधाऱ्यात पाणी किती, त्यावर त्या वर्षी किती फड भिजवायचे ते ठरे आणि पाटकरी त्याप्रमाणे पाणी वाटत असे. पाणी बघून पीक ठरवायचं. आपण आता पीक ठरवून मग पाणी शोधायला बोअरची गाडी बोलावतो.

धुळ्याकडची विहीर एका पावसात भरते, यावलची ट्यूबवेल हलतही नाही. असं का?

जमिनीखालची दुनियाच वेगळी आहे. धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव या भागांत खाली काळा पाषाण. त्याच्या पोटात पाणी मावायला जागा कमी: शंभर भागांत दोन-तीन भाग, तेही झिजलेल्या थरात आणि फटींत. त्यामुळे थोडं पाणी मुरलं तरी पातळी भराभर चढते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर बसते. धुळे-नंदुरबारात जमिनीतून उभ्या भिंतींसारख्या गेलेल्या डाइकही पुष्कळ आहेत. एखादी डाइक पाणी अडवते, एखादी फुटलेली असली तर वाहून नेते. दोन विहिरी हाकेच्या अंतरावर असून एक भरलेली, एक कोरडी, याचं कारण बहुधा हेच.

तापीच्या उत्तरेला मात्र नदीनं आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर आहे, आणि सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी गोटे, वाळू, माती मिसळलेला बझाडा पट्टा. गाळात पाणी जास्त मावतं, म्हणून पातळी हळू हलते. तिथे पातळी एक मीटर उतरली तर पाषाणातल्या एका मीटरपेक्षा कितीतरी जास्त पाणी गेलेलं असतं, आणि ते परत भरायला तितकाच जास्त पाऊस मुरावा लागतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वर्षानुवर्षं मुरण्यापेक्षा उपसा जास्त झाला आणि ट्यूबवेल शेकडो फुटांवर गेल्या. त्या पट्ट्यात मुरण्याची खरी जागा म्हणजे पायथ्याचा बझाडा. तिथले नाले, सुकी, मोर यांसारख्या नद्यांची पात्रं. गावातल्या चिकणमातीत खोदलेल्या तळ्यात पाणी दिसतं छान, पण ते उन्हानंच उडून जातं.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले गेले, त्यावर कौतुक आणि टीका दोन्ही झाली. आमचं मत विचाराल तर खाली काय आहे हे बघितल्याशिवाय हा ‘शिरपूर पॅटर्न’ काय किंवा दुसरा कुठला, उचलू नये, आणि काम झाल्यावर आजूबाजूच्या विहिरी मोजल्याशिवाय यशाचा फलक लावू नये.

पाणी तपासायला कसं द्यायचं आणि अहवालात काय बघायचं?

मोटर १५-२० मिनिटं चालू द्या, एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि लवकर पोचवा. मे मध्ये एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा द्या, कारण उपसा वाढून पातळी खोल गेली की बऱ्याच ठिकाणी क्षार वाढतात.

ईसी ०.७५ च्या आत उत्तम, २.२५ च्या वर असेल तर केळीचा नाद सोडा. मधल्या पाण्यावर निचरा चांगला असेल तर चालतं, फक्त पानांच्या कडा करपतात का यावर डोळा ठेवा. आरएससी (पाण्यातले उरलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट) १.२५ पर्यंत निर्धोक, २.५ च्या वर जमीन बिघडवणारं. एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम) १० च्या आत असावं. ईसी कमी आणि आरएससी जास्त असं पाणी फसवतं: चवीला गोड लागतं, जमीन मात्र सावकाश चोपण करतं.

ठिबकचे ड्रिपर पांढरे होऊन बुजतात. पाण्याचा दोष का?

बहुधा. पांढऱ्या थरावर ॲसिडचा थेंब टाका. फसफसला तर चुना आहे आणि आम्ल प्रक्रिया करावी लागेल. बुळबुळीत हिरवं-तपकिरी असेल तर शेवाळ किंवा जिवाणू, तिथे क्लोरीन. दोन्ही एकाच वेळी कधीच नको, विषारी वायू तयार होतो. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.

त्याच विहिरीचं पाणी प्यायलं तर?

शेतीचा अहवाल पिण्यासाठी चालत नाही. लिटरमागे नायट्रेट ४५ मिलीग्रॅमच्या आत आणि फ्लोराइड १ मिलीग्रॅमच्या आत असावं, शिवाय जिवाणूंची तपासणी वेगळी. युरिया भरपूर पडणाऱ्या मळ्यातल्या उथळ विहिरीत नायट्रेट आधी बघा. उकळल्यानं ते जात नाही. घरात बाटलीवर दूध पिणारं बाळ असेल तर अहवाल येईपर्यंत त्याच्यासाठी दुसरीकडचं पाणी आणा.

आमच्या गटानं स्वतःचं हवामान केंद्र घ्यावं का?

केळीचा करपा हा ज्यांचा मुख्य खर्च आहे, त्यांनी विचार करावा. पान किती तास ओलं राहिलं आणि आर्द्रता किती, यावर करप्याचा जोर ठरतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत फवारणी आठवडा मोजून करण्यापेक्षा या आकड्यांवर केली तर औषध वाचतं.

विकत घेण्याआधी एक ठरवा: दर महिन्याला ते साफ कोण करणार? पावसाच्या नरसाळ्यात निंबाची पानं अडकतात, आतल्या हलत्या कप्प्यात कोळी घर करतो, सौर पाटीवर धूळ साचते. भर पावसात केंद्र शून्य मिमी दाखवतं तेव्हा कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. म्हणून शेजारी साधा पर्जन्यमापक ठेवा आणि महिन्यातून एकदा दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहा. जबाबदार माणूस मिळत नसेल तर ते पैसे माती-पाणी तपासणीवर खर्च करा.

नोंदवहीत काय काय लिहायचं?

तारीख, पाऊस, कमाल-किमान तापमान, विहिरीची पातळी, मोटरचे तास आणि एक मोकळा रकाना. त्या मोकळ्या रकान्यात काहीही येऊ द्या: ‘नाल्याकाठच्या तीन ओळी पिवळ्या’, ‘मावा दिसला’, ‘दुपारी वावटळ’. घरातल्या शाळकरी पोरीकडे वही दिली तर ती आपल्यापेक्षा नियमित लिहिते, हा बहुतेक घरांतला अनुभव आहे. ज्या दिवशी मोजलं नाही, तिथे रेघ मारा. अंदाजे आकडा भरू नका आणि शून्यही लिहू नका. शून्य म्हणजे मोजला, पाऊस नव्हता.

शंका आली तर विचारायचं कुणाला?

जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय, आणि तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं. रावेर तालुक्यात पालला, जळगावजवळ ममुराबादला. विहिरींच्या जुन्या पातळ्या भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात बघायला मिळतात. आपल्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती, हे आधी विचारा. जाताना वही, माती-पाण्याचे अहवाल आणि करपलेलं पान कागदात गुंडाळून सोबत न्या. नुसतं तोंडी सांगितलं तर समोरचा माणूसही तोंडीच उत्तर देतो.